सकाळच्या सत्रात नववी पेंगते, सूचना विसरते. काय बदलावं?

गणितवाले_सर
शाळा ७ ला भरते आणि नववीचा पहिलाच तास गणिताचा. मुलं पेंगतात, तीन पायऱ्यांची सूचना दिली की तिसरी विसरतात, टोकलं की उलट बोलतात. या वयात मेंदू घडत असतो हे ठाऊक आहे, पण वर्गात त्याचं करायचं काय? शाळेची वेळ माझ्या हातात नाही.

विज्ञान_मॅडम
सर, हा आळस नव्हे. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे अकराच्या आत डोळा लागणं अवघड. झोप मात्र ८ ते १० तास हवी. साडेपाचला उठणाऱ्यांचा हिशेब तुम्हीच मांडा. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवता येत नाही, ग्रामीण भाग सोडून. आपल्याकडे २०२४ मध्ये ९ वाजताचा निर्णय झाला तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी, म्हणजे ज्यांना आपसूक लवकर जाग येते त्यांच्यासाठी! वेळापत्रकात एवढं मागून पाहा: गणित तिसऱ्या तासाला, पहिल्याला पीटी किंवा चित्रकला. चाचणी तर पहिल्या तासाला नकोच.

फळा_खडू
आखणी करणं, सूचना डोक्यात धरून ठेवणं ही कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची कामं, आणि तो पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणून तोंडी सूचना एका वेळी एकच. सगळ्या पायऱ्या आकडे घालून फळ्यावर लिहा, काम संपेपर्यंत पुसू नका. प्रकल्पाला एकच तारीख दिली की आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात रांग लागते. विषय, माहिती, कच्चं, पक्कं असे चार टप्पे करा, प्रत्येकाला तारीख आणि सही.
तासाच्या सुरुवातीला ५ मिनिटं वह्या बंद, चार प्रश्न: दोन कालचे, एक गेल्या आठवड्याचा, एक गेल्या महिन्याचा. उत्तरं मुलांनीच तपासायची. गुण धरू नका. धरले की शेजारच्याचं बघून लिहिणं सुरू होतं आणि आठवायचं राहूनच जातं.

समुपदेशक_नाशिक
उलट बोलण्याबद्दल. २००५ च्या एका अमेरिकन प्रयोगात, संगणकावरच्या गाडीच्या खेळात, मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत होती. तुमच्या वर्गात चाळीस मित्र बघत असतात. बाकाजवळ जा, हळू आवाजात एक वाक्य बोला आणि लगेच पुढे चला. उत्तराची वाट बघत उभे राहिलात की माघार घेणं त्याला जमत नाही. बाकीचं बोलणं तासानंतर, दाराबाहेर.
मात्र ‘मेंदू कच्चा आहे’ ही सबब चालू देऊ नका. डोकं शांत असेल आणि वेळ मिळाला तर सोळाव्या वर्षी तर्क जवळपास मोठ्यांइतकाच चालतो. वर्गाचे नियम भांडणाच्या वेळी सांगण्यापेक्षा जूनमध्येच, मुलांकडून लिहवून घ्या.