नामवंतांची भरघोस देणगी आणि शाळेची भव्य वास्तू : हा पैसा सार्थकी लागतो का?

खटावचा पालक

नमस्कार. मी खटाव तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य म्हणून काम करतो. आमच्या गावात जन्मलेल्या आणि आज मनोरंजनाच्या क्षेत्रात मोठे नाव मिळवलेल्या एका व्यक्तीने शाळेसाठी सुमारे दीड कोटी रुपये देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांच्याकडून आलेल्या आराखड्यात काळ्या दगडाची कमान, दोनशे माणसे बसतील असे वातानुकूलित सभागृह आणि संगणक कक्ष आहे. शाळेचा पट ६४ आहे, पाच वर्गांना तीन शिक्षक आहेत, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या टाकीत मार्चनंतर टँकर आला तरच पाणी असते.

गावाला आनंद झाला आहे, मलाही झाला आहे, कारण मोठे झाल्यावर गाव आठवणारी माणसे थोडी असतात. पण आराखडा पाहिल्यापासून मनाला स्वस्थता नाही. अमेरिकेतील प्रसिद्ध दूरचित्रवाणी सूत्रसंचालिका ऑप्रा विन्फ्री यांनी जानेवारी २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या दक्षिणेला, मुलींसाठी निवासी शाळा उघडली तेव्हा हाच वाद झाला होता. सुमारे चार कोटी डॉलर खर्च झाले आणि पहिल्या वर्षी १५२ मुलींना प्रवेश मिळाला. नाट्यगृह, योगासाठी दालन, केशभूषेची सोय हे सारे त्या शाळेत होते. एवढ्या पैशात साध्या शाळा किती झाल्या असत्या, असे टीकाकार विचारत होते, तर गरीब घरच्या मुलींना उत्तम ते का मिळू नये, असे ऑप्रा यांचे म्हणणे होते. मला दोन्ही बाजू पटतात, आणि पुढच्या शनिवारी समितीच्या बैठकीत मला एका बाजूने बोलायचे आहे. गावातील ज्येष्ठ मंडळी म्हणतात की धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. देणाऱ्याला ‘हे नको, ते द्या’ असे म्हणणे खरोखरच अनुचित आहे का?

निवृत्त मुख्याध्यापक, तासगाव

आपण दात मोजलेच पाहिजेत, कारण त्या गाईचा चारापाणी गावालाच करायचा आहे.

मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो तिथे एका दात्याने बारा संगणक दिले होते. उद्घाटनाला मांडव पडला, फीत कापली गेली, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. पहिले दीड वर्ष मुले रांग लावून त्या खोलीत जात असत. नंतर विद्युतदाब कमी-जास्त होऊन तीन संगणक बंद पडले आणि दुरुस्तीचा खर्च सादिल अनुदानात, म्हणजे शाळेला किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेत, बसेना. पुढे वीजबिल थकले आणि जोडणीच तोडली गेली. मी निवृत्त होताना पदभार सोपवण्यासाठी ती खोली उघडली, तेव्हा पडद्यांवर शिवलेली फुलाफुलांची आच्छादने तशीच होती, आतल्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, आणि दाराबाहेरच्या ग्रॅनाइटच्या पाटीवरील सोनेरी अक्षरे मात्र स्वच्छ वाचता येत होती. जडसंग्रह नोंदवहीत ‘बारा नग’ ही नोंद कायम होती. दात्याचा हेतू चांगला होता आणि आमचाही होता, पण तिसऱ्या वर्षाचा खर्च कोण करणार हा प्रश्न पहिल्या दिवशी कोणीच विचारला नाही, आणि मुख्याध्यापक म्हणून तो विचारणे माझे काम होते, हे आजही मला टोचते.

आपल्या सभागृहाची वातानुकूलन यंत्रणा चालवण्याचे बिल कोणाच्या नावे येणार आहे, हे बैठकीपूर्वी लिहून घ्यावे.

पलूस नवोदयची माजी विद्यार्थिनी

गुरुजी, आपला अनुभव मनाला लागला. तरीही थाटामाटाविरुद्धच्या सरसकट टीकेला मला उत्तर द्यावेसे वाटते, कारण काही निवडक मुलांवर केलेल्या मोठ्या खर्चाची मी स्वतः लाभार्थी आहे.

माझे वडील साखर कारखान्याच्या ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालक होते. सहावीला मी पलूसच्या जवाहर नवोदय विद्यालयात गेले. तिथे मला आयुष्यात पहिल्यांदा माझी स्वतःची गादी मिळाली. पहिल्या रात्री मी ती मळेल म्हणून कडेला अंग चोरून झोपले होते, आणि वसतिगृहाच्या बाईंनी येऊन, “अगं, तुझीच आहे ती, नीट झोप,” असे सांगितले होते. जिल्ह्याला एक नवोदय, वर्षाला ऐंशी मुले, राहणे-जेवणे-पुस्तके सर्व मोफत, हा खर्च सरकार करते. साताऱ्याचे सैनिक स्कूल १९६१ मध्ये देशातील पहिले सैनिक स्कूल म्हणून सुरू झाले, त्यावरही सार्वजनिक पैसा खर्च होतो, आणि त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. मग परदेशातील एका कृष्णवर्णीय स्त्रीने स्वतःच्या पैशातून गरीब मुलींना चांगल्या चादरी दिल्या, तर त्या चादरींचाच हिशेब का मागितला जातो? गरिबांच्या मुलींना पुरेसे ते द्यावे, सुंदर ते देण्याची गरज नाही, हा विचार मला अपमानकारक वाटतो.

शिवाय एकाच विद्यार्थ्यावर केलेला खर्च कुठवर पोहोचेल हे कोणी आधी सांगू शकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. पुढे १९१३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड अशी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. तेवढ्या पैशात बडोद्यात किती मुलांच्या पाट्या आल्या असत्या, असा हिशेब तेव्हा केला असता तर आपण काय गमावले असते?

ऑप्रा यांच्या शाळेतील पहिल्या तुकडीच्या ७२ मुली २०११ च्या अखेरीस शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्या मुलींसाठी तो पैसा वाया गेला असे मी तरी म्हणू शकत नाही. मात्र एक गोष्ट कबूल करते. माझ्याबरोबर गावातून परीक्षेला बसलेल्या दोन मैत्रिणींची निवड झाली नाही. त्या माझ्यापेक्षा कमी हुशार नव्हत्या, आणि आमच्या गावच्या शाळेत त्या वर्षी गणिताला शिक्षक असता तर कदाचित तिघीही गेलो असतो.

विट्याचा हिशेबनीस

ताई, तुमची शेवटची दोन वाक्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटली. मी सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चार कोटी डॉलरला १५२ ने भागले की दरडोई अडीच लाख डॉलरहून मोठा आकडा येतो आणि माणूस दचकतो, पण तो भागाकार चुकीचा आहे, कारण इमारत अनेक तुकड्यांना पुरते. योग्य हिशेब वर्षागणिक करावा लागतो : इमारतीचा वार्षिक वाटा, अधिक शिक्षकांचे पगार, अधिक देखभाल, आणि हे सर्व किती वर्षे कोण देणार. ऑप्रा यांची शाळा टिकली ती दात्रीने उद्घाटनानंतरही तिथले लक्ष आणि पैसा काढून घेतला नाही म्हणून. जिथे हे झाले नाही तिथली उदाहरणे वेगळे बोलतात. अमेरिकन गायिका मॅडोना यांनी आफ्रिकेतील मलावीमध्ये मुलींसाठी दीड कोटी डॉलरची अकादमी बांधण्याचे ठरवले होते. २०११ मध्ये, सुमारे ३८ लाख डॉलर खर्च झाल्यावर, ती योजना गुंडाळली गेली, आणि नंतर खेडोपाडी साध्या प्राथमिक शाळा बांधण्याचा मार्ग धरला गेला. तो मार्ग आधीच धरला असता तर आधीचे पैसेही वर्गखोल्यांत उतरले असते.

दुसरे उदाहरण फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांचे आहे. २०१० मध्ये त्यांनी अमेरिकेतील न्यूअर्क शहराच्या शाळांसाठी दहा कोटी डॉलर जाहीर केले, तेही ऑप्रा यांच्याच दूरचित्रवाणी कार्यक्रमात. इतर दात्यांनी तेवढीच भर घातली. त्या शहरातील पालकांना आणि शिक्षकांना ही बातमी दूरचित्रवाणीवरूनच कळली, हे त्या योजनेचे मूळ दुखणे होते. दोन कोटींहून अधिक डॉलर सल्लागारांवर गेले. पुढील अभ्यासात इंग्रजीतील प्रगती सुधारलेली दिसली, गणितात तशी दिसली नाही, त्यामुळे सगळे पाण्यात गेले असे म्हणता येणार नाही. पण लोकांचा रोष इतका वाढला की २०१४ ची महापौरपदाची निवडणूक बऱ्याच अंशी याच प्रश्नावर लढवली गेली. पालकांना आधी विचारायला काहीच खर्च आला नसता.

बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स यांनी २०१८ मध्ये आपल्या ॲक्रन या गावी शाळा काढली, तिची रचना मला अधिक समंजस वाटते. ती सार्वजनिक शाळाच आहे, शिक्षकांचे पगार तेथील शिक्षण मंडळ देते, आणि जेम्स यांची संस्था पालकांना मदत, अन्नधान्य, सायकली अशी जोड देते. मागे पडलेली मुले तिथे मुद्दाम निवडली जातात. तरीही २०२३ मध्ये तिथल्या मंडळासमोर असे आले की आठवीत जाणाऱ्या तुकडीतील एकही विद्यार्थी तिसरीपासून राज्याच्या गणिताच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला नव्हता. चांगली रचना आणि मोठे नाव असूनही वर्गात गणित शिकवण्याचे काम शिल्लक राहतेच.

आता आपल्याकडचे. राज्य शासनाने २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आणली. ग्रामीण शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर ५० लाख आणि दहा वर्षांसाठी एक कोटी असे देणगीचे मूल्य त्यात ठरवले, रोख रक्कम घेऊ नये असे सांगितले, आणि दात्याने सुचवलेले नाव शाळेला देण्याची मुभाही ठेवली. नावाच्या मुभेवर मोठी टीका झाली आणि ती योग्य होती. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले आणि पुढे देणगीनंतर त्याला उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले, त्यात काही वावगे झाले नाही. पण कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवणही आपल्या भागात सांगतात : साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्याला त्यांनी स्पष्ट नकार दिला होता. पैशाची निकड असतानाचा तो नकार होता. त्यांची रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी उभी राहिली, आणि बोर्डिंगातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. घराघरातून मूठभर धान्य गोळा झाले. ज्याने मूठ दिली तो आपली मूठ कुठे गेली हे पाहायला येत असे.

आमच्या खानापूर-आटपाडीकडे हे आजही दिसते. गलाई व्यवसायासाठी, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पांगलेली माणसे यात्रेला गावी येतात, देवळाच्या ओवरीत बसून शाळेची वर्गणी ठरवतात, आणि पुढच्या यात्रेत गेल्या वर्षीचा हिशेब मागतात. त्यातला कोणी प्रसिद्ध नाही, आणि रक्कमही दीड कोटी नसते.

तेव्हा माझी सूचना अशी आहे की देणगी नाकारू नका, तिची वाटणी बदलून मागा. दात्याची संमती असेल तर ५० लाख रुपये धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या न्यासाच्या नावे मुदत ठेवीत ठेवा. सात टक्के व्याज धरले तरी वर्षाला साडेतीन लाख, म्हणजे महिन्याला सुमारे २९ हजार रुपये मिळतील. त्यात वीज, पाणी, दुरुस्ती आणि गावातीलच एका शिकलेल्या ताईचे मानधन भागेल. छतावर सौरऊर्जेचे संच बसवा, म्हणजे गुरुजींनी सांगितलेली थकलेल्या बिलाची वेळ येणार नाही, मात्र बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तिची तरतूद आजच करा.

साताऱ्याची शिक्षिका

थोडेच लिहिते. आमच्या सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांच्या गटात, ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलांनी स्वतः हाताळून शिकण्याच्या पद्धतीने, जे काम झाले ते पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. ते भिंती आणि कमानी पाहायला आले नव्हते. जमिनीवर रंगाने आखलेली चित्रे आणि तक्ते, चिंचोके, खडे, बाटल्यांची झाकणे, आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, एवढ्यावर पहिलीची मुले दशक-एकक मांडत होती. खर्च जवळजवळ नव्हता, पण शिक्षकांना एकत्र बसून विचार करायला वेळ आणि विस्तार अधिकाऱ्यांचा खंबीर पाठिंबा मिळाला होता. दात्यांना सांगता आले तर हे सांगा की शिक्षकांच्या अशा बैठकांना, एकमेकांच्या शाळा पाहण्याच्या प्रवासाला पैसे द्यावेत. त्याचे छायाचित्र चांगले येत नाही, म्हणून त्याला कोणी देणगी देत नाही.

खटावचा पालक

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजी, आपण जे टोचते म्हणालात ते मी बैठकीत आपले नाव न घेता सांगणार आहे. ताई, तुमच्या गादीची गोष्ट वाचून मी माझे मत एका बाबतीत बदलले : स्वच्छतागृह साधे, जेमतेम असे न मागता उत्तम, फरशीचे, भरपूर उजेडाचे आणि चोवीस तास पाण्याचे मागणार आहे, कारण सुंदर असण्याचा पहिला हक्क त्या खोलीचा आहे.

आज सकाळी शाळेत जाऊन टाकी मोजली. ती एक हजार लिटरची आहे आणि मुली ३१ आहेत. बैठकीला आयांना बोलावण्याचा निरोप मी अंगणवाडीतून पाठवला आहे, कारण आराखडा त्यांच्यापैकी एकीनेही अजून पाहिलेला नाही. दात्यांना समितीच्या वतीने पत्र लिहायचे ठरवले आहे. सभागृहाऐवजी दोन वर्गखोल्या आणि पाण्याची व्यवस्था, ठेवीची योजना आणि शिक्षकांच्या बैठकांचा खर्च असे त्यात असेल. कमान त्यांना हवी असेल तर ती राहू द्यावी असे मला वाटते, त्यांनीही याच शाळेत पाटी धरली होती. मसुदा उद्या रात्रीपर्यंत इथे ठेवतो. हिशेबनीस दादांनी ठेवीचा परिच्छेद तेवढा नजरेखालून घालावा, ही विनंती.