मदत हवी आहे : महाबळेश्वरच्या कौलारू घरासाठी वुड बर्नर किती किलोवॅटचा घ्यावा?

नमस्कार.

आम्ही मुलुंडला राहतो. महाबळेश्वरजवळ आमचे जुने कौलारू घर असून यंदापासून डिसेंबर-जानेवारी तिथेच काढायचे असे आई-बाबांनी ठरवले आहे. त्या दिवसांत तिथे रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, वेण्णा तलावाच्या बाजूला तर एखाद्या पहाटे दवबिंदूही गोठतात, आणि आईच्या गुडघ्यांना ही थंडी अजिबात सोसत नाही. विजेचा हीटर आहे, परंतु वीज गेली की त्याचा काही उपयोग नसतो. म्हणून बैठकीच्या खोलीत काचेच्या दाराचा, बंद, लोखंडी वुड बर्नर, म्हणजे लाकूड जाळून खोली गरम करणारी शेगडी, बसवण्याचा विचार आहे. मुंबईत घर गरम करण्याची वेळच येत नसल्याने ओळखीत या विषयातले जाणकार कोणी नाहीत, म्हणून इथे विचारतो.

खोली १८ फूट लांब आणि १४ फूट रुंद आहे. जांभ्याच्या भिंती नऊ फूट उंच आहेत, पण छत नाही. वर थेट मंगलोरी कौले आहेत आणि आढे १५ फुटांवर आहे. सरासरी उंची १२ फूट धरली तर आकारमान ३,०२४ घनफूट, म्हणजे साधारण ८६ घनमीटर होते. ब्रिटनमध्ये वापरला जाणारा एक ठोकताळा वाचनात आला: खोलीच्या घनमीटरांना १४ ने भागावे आणि घर उष्णता धरून ठेवणारे नसेल तर १० ने भागावे. त्यानुसार आमचे उत्तर सहा ते साडेआठ किलोवॅट येते. एका विक्रेत्याने मात्र १२ किलोवॅटचाच आग्रह धरला आहे. मोठा घेऊन मंद जाळला तरी चालतो, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमके सांगताही येत नाही. तो ठोकताळा आपल्या थंडीला लागू पडतो का, आणि कौलांमधून निसटणाऱ्या उष्णतेचा हिशेब कसा करावा, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपली शंका रास्त आहे. १२ किलोवॅटचा बर्नर घेऊ नये.

तो १४ चा ठोकताळा बाहेर शून्याच्या आसपास आणि आत २१ अंश, असा फरक गृहीत धरतो. आपल्याकडे बाहेर दहा अंश असतील, तर हा फरक जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे १० ने भागून आलेले साडेआठ किलोवॅटसुद्धा साडेचारच्या घरात येतात. माझ्या मते पाच किलोवॅट पुरेसे आहेत, मात्र आधी छत घालून घ्यावे. कौलांच्या फटींतून गरम हवा सतत वर निघून जाते आणि तिचा भरवशाचा हिशेब कोणत्याही ठोकताळ्यात बसत नाही. नऊ फुटांवर छत आले की आकारमानही ६४ घनमीटरांवर येईल. मोठ्या बर्नरवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा छतावर घालणे शहाणपणाचे आहे.

मोठा बर्नर मंद जाळला की हवा कमी पडते, लाकूड पूर्ण जळत नाही आणि न जळलेला धूर धुराड्याच्या थंड भागात डांबरासारखा चिकटतो. काच काळी पडते ही त्याची पहिली खूण. हा थर साचत गेला तर पुढे कधी तरी धुराड्यातच आग लागते, आणि कौलाखाली लाकडी वासे असलेल्या घरात हा धोका पत्करू नये. वाशांमधून जाणारी नळी दुहेरी भिंतीची, मधे उष्णतारोधक भरलेली असावी. खोलीतली एकेरी नळी सहा इंचांची असेल, तर तिच्यापासून कोणतेही लाकूड व्यासाच्या तिप्पट, म्हणजे दीड फूट दूर ठेवावे.

आता सरपणाचे. ओलावा २० टक्क्यांहून कमी हवा, आणि महाबळेश्वरच्या पावसात भिजलेले लाकूड पावसाळा संपताच जाळण्याजोगे होत नाही. चिरलेल्या एका ओंडक्यावर खडूने खूण करून तो दर पंधरवड्याला तोलावा. वजन उतरायचे थांबले की तो आसपासच्या हवेत सुकेल तेवढा सुकला असे समजावे. सुक्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे चार युनिट (किलोवॅट-तास) उष्णता निघते आणि चांगल्या बर्नरमधून त्यातली तीन खोलीला मिळतात. पाच किलोवॅटचा बर्नर संध्याकाळी चार तास पूर्ण जोमाने चालवला तरी सात किलोच्या आत भागेल. हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित असल्याने आवारातले झाड तोडण्याचा विचार मनातही आणू नये. सुके सरपण विकतच आणावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. आज कौलांच्या फटींतून बर्नरला हवा मिळते. छत घातल्यावर ती वाट बंद होईल. तेव्हा भिंतीत कायम उघडी राहणारी जाळी ठेवावी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवल्याशिवाय आई-बाबांना तिथे एकही रात्र बर्नर पेटवू देऊ नये. हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.

बर्नर कोणत्या भिंतीशी बसवणार आहात आणि आढे तिथून किती अंतरावर आहे, हे कळवल्यास धुराडे कौलांच्या वर किती न्यावे लागेल ते सांगता येईल.