सातारा खालसा झाले ते महसुलासाठी की लष्करासाठी?

माहुलीकर (सातारा)

साम्राज्यवादाचे मूळ अर्थकारणात आहे, असे माझे मत आहे आणि ते पटवण्यासाठी आफ्रिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. एप्रिल १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक मान्य करावे, असे रेसिडेंट बार्टल फ्रिअर आणि मुंबईचे गव्हर्नर क्लार्क या दोघांचेही मत होते. तरीही गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा करण्याची शिफारस केली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी ती मान्य केली. राज्य घेतल्याने सरकारी उत्पन्न वाढेल, हे कारण डलहौसीने स्वतः लिहून ठेवले आहे.

परिणाम पुढच्या तीस वर्षांत दिसले. सारा रोखीने आणि ठरल्या तारखेला भरायचा असल्याने शेतकरी भाव पडलेला असतानाच धान्य विकू लागला, किंवा सावकाराकडे जाऊ लागला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या रोख्यावर दावा करण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कर्जदार कुळाच्या रक्षणाचा असला, तरी सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि त्याच्या पाठीशी दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा उभा राहिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला आणि १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांचे रोखे जाळले गेले. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला, त्यांत पुणे, नगर आणि सोलापूर यांच्याबरोबर सातारा होता.

गणपती पेठ (सांगली)

माहुलीकर, आपण डलहौसीचे अर्धेच म्हणणे दिले आहे. मुंबई इलाख्यातील दोन मुख्य लष्करी ठाण्यांच्या मध्ये साताऱ्याचा मुलूख येतो आणि तो घेतल्याने दळणवळण अखंड राहील, हे कारणही त्याच टिपणात आहे, आणि माझ्या मते तेच अधिक वजनदार आहे. महसूल हेच सर्वस्व असते, तर कृष्णाकाठची काळी जमीन असलेले पटवर्धनांचे सांगली संस्थान १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकले नसते.

परिणामांविषयीही मला शंका आहे. सावकारी इंग्रजांनी आणली नाही. संस्थानी मुलखातही ती होती. शतकानुशतके वसाहती राखलेला पोर्तुगाल पश्चिम युरोपात गरीबच राहिला आणि मोठे साम्राज्य नसलेले स्वित्झर्लंड व स्वीडन श्रीमंत झाले. साम्राज्य हा एवढा फायद्याचा व्यवहार असता, तर असे का घडले असते? शिवाय रेल्वेसाठी लंडनच्या बाजारात जेवढ्या कमी व्याजाने भांडवल मिळाले, तेवढ्याने ते येथे मिळाले नसते.

माहुलीकर (सातारा)

साम्राज्याने कोणता देश श्रीमंत झाला, यापेक्षा त्याचा खर्च कोणी सोसला, हे पाहू. १८३३ च्या कायद्याने कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांशाची हमी मिळाली. ही रक्कम वर्षाला ६,३०,००० पौंड होती आणि ती हिंदुस्थानच्या महसुलातून जात असे. पुढे १८७४ मध्ये शंभर पौंडांच्या भागाला दोनशे पौंड देऊन हे भाग परत घेतले गेले. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च हिंदुस्थानच्या कर्जात घातला गेला. सुरुवातीच्या रेल्वे कंपन्यांना पाच टक्के परताव्याची हमी होती. तोटा आला तर तो रयतेने भरायचा, त्यामुळे काटकसर करण्याचे या रेल्वे कंपन्यांना कारणच उरले नाही. आपण ज्याला कमी व्याज म्हणता, त्याची जोखीम कोणाच्या माथी होती, हेही सांगावे.

कापडाच्या जकातीचे उदाहरण तर माझ्या दृष्टीने निर्णायक आहे. १८८२ मध्ये आयात जकात रद्द झाली. १८९४ मध्ये तिजोरीच्या ओढगस्तीमुळे ती परत आणावी लागली, तेव्हा इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या आग्रहामुळे येथील गिरण्यांच्या मालावरही अबकारी कर बसवला गेला. आपल्याच कारखानदारावर परक्याच्या सोयीसाठी कर बसवणारे सरकार स्वतंत्र देशात किती दिवस टिकले असते?

सांगली राखली गेली, कारण मांडलिक संस्थान स्वतःच्या खर्चाने कारभार चालवते. ती काटकसर होती.

कुंडल रोड

संस्थानाचाच मुद्दा निघाला आहे, म्हणून एक भर घालतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा नगरपालिकेने सोडायला लावली आणि १९१० मध्ये औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलच्या माळावर जागा आणि कर्ज दिले. त्यांच्या लोखंडी नांगराच्या कारखान्याची जागा आज सांगली जिल्ह्यात आहे, पण तो उभा राहिला संस्थानी मुलखात. भांडवलाइतकेच निर्णय कोणाच्या हातात आहे, यालाही महत्त्व होते, असे मला वाटते.

गणपती पेठ (सांगली)

आणि त्या माळाशेजारी रेल्वेचे स्थानक होते, ज्याचे नाव आपण धारण केले आहे. त्याशिवाय ते नांगर कोठवर गेले असते?

अजिंक्यतारा

माहुलीकरांच्या साम्राज्यवादाच्या व्याख्येत मराठ्यांची चौथाई, म्हणजे परमुलखातून घेतलेला महसुलाचा चौथा हिस्सा, बसते की नाही? बंगालचा वाटा नागपूरच्या रघुजी भोसल्यांकडे द्यावा, हा निवाडा १७४३ मध्ये शाहू महाराजांनी साताऱ्यातूनच केला आणि १७५१ च्या तहाने बंगालचा नवाब अलीवर्दीखानाने सालीना बारा लाख रुपये चौथ कबूल केली.

माहुलीकर (सातारा)

बसते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. फरक एवढाच मानतो की चौथाईचा पैसा फौजेच्या पगारातून आणि पेठांतून याच भूमीत फिरला, तर लंडनला गेलेला लाभांश, निवृत्तिवेतने आणि व्याज परत आले नाही. दादाभाई नौरोजींचा आक्षेपही करापेक्षा या एकतर्फी निर्गमावर, म्हणजे संपत्ती बाहेर जाण्यावर, होता.

गणपती पेठ (सांगली)

हा फरक नागपूरच्या पेठेला जाणवला असेल. स्वाऱ्यांत ज्याचे घर जळले, त्या बंगाली विणकराच्या हिशेबात तो कोठे मांडायचा? निर्गम देशाच्या सीमेवर मोजायचा की प्रांताच्या, हे ठरवल्याशिवाय आपली व्याख्या मला मान्य करता येत नाही.