गरम झाली की फियाट सेल्फ घेते, पण चालू होत नाही

चोपडेकर
वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी (तीच फियाट) आहे, १०८९ सीसीचं मूळ पेट्रोल इंजिन. सकाळी एका चावीत उठते. रविवारी आईला घेऊन चोपड्याहून अमळनेरला लग्नाला निघालो. भर दुपारी तापीचा पूल ओलांडून चहाला दहा मिनिटं थांबलो. परत चावी फिरवली तर सेल्फ खणखणीत फिरतोय, इंजिन पकडतच नाही. निंबाखाली दीड तास बसलो, मग एका चावीत चालू! आईच्या भाचीचा मुहूर्त हुकला. आई काही बोलली नाही, पण मला ते फार लागलं.

गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग चारही प्लग, वायरी, शेवटी कॉइल. सहा-साडेसहा हजार गेले. परवा पुन्हा तेच. आता कार्बोरेटर बदला म्हणतो. वडिलांनी कापसाच्या पैशातून घेतलेली गाडी आहे, विकायची नाही. कुठून सुरुवात करू?

रावेरवाला
पेट्रोलची वाफ धरत असेल. फियाटचा एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा, इंजिनलाच चिकटलेला. गाडी उभी केली की पंख्याची हवा बंद होते, इंजिनची धग पंपात चढते आणि पाइपात पेट्रोलऐवजी वाफ भरते. आपल्याकडे मे महिन्यात ४४ अंश, मग विचारूच नका. डिकीत पाण्याची बाटली ठेवा. बंद पडली की पंपावर आणि पाइपवर ओला फडका टाका. पाच-दहा मिनिटांत चालू झाली तर समजा हेच.

भुसावळचे नाना
काय व्हयनं भाऊ, कार्बोरेटरला हात लावू देऊ नका. सकाळी एका चावीत उठते म्हणजे टायमिंग ठीक आहे, प्लगच्या वायरीही ठिणगीच्या १-३-४-२ क्रमाने बरोबर बसल्यात. दोष गरम असतानाच निघतो, तर तपासायचंही गरम असतानाच. थंड झालेली गाडी गॅरेजात नेली की ती निरोगीच दिसते, मग मेकॅनिक अंदाजाने सामान बदलत बसतो.

बंद पडली की जागेवरच करंट बघा. कॉइलकडून येणारी मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या (चारही प्लगना करंट वाटणारा डबा) टोपणातून काढा. रबरी मुठीच्या पकडीने धरून तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि टकटक वाजणारी आली तर करंट चांगला, मग रावेरवाले भाऊ म्हणतात तसं पेट्रोलकडे वळा. पिवळी, मरगळलेली आली तर माझा संशय कंडेन्सरवर. मात्र पेट्रोलचा पाइप सुटा असताना ठिणगी काढू नका. तापलेल्या बॉनेटखाली भडका उडायला क्षण लागत नाही.

एवढं सगळं बदललं, पण सगळ्यात स्वस्त वस्तू, हा कंडेन्सर, तशीच राहिली याचं वाईट वाटतं. डिस्ट्रिब्युटरमध्ये कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट असतात; ते उघडताना तिथे उडी मारू पाहणारा करंट कंडेन्सर पोटात घेतो. म्हणून कॉइलचा प्रवाह झटक्यात तुटतो आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. आतलं इन्सुलेशन जुनं झालं की गार असताना तो काम करतो, तापला की गळतो. खूण सांगतो: पॉइंट काळे पडतात, एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेकडी.

चोपडेकर
नाना, काल दुपारी अडीचला मुद्दाम यावलच्या रस्त्याला वीस किलोमीटर पळवली, बंद केली, दहा मिनिटं थांबलो. नाहीच उठली. धाकट्या भावाने सेल्फ मारला; ठिणगी पिवळी, तीही मध्येच गायब. टोपण उघडलं तर पॉइंटवर टेकडी, अगदी तुम्ही सांगितली तशी. आज जळगावहून कंडेन्सर आणि पॉइंटचा जोड आणला. वडिलांच्या पेटीतल्या फिलर गेजने ०.४ मिलिमीटर फट ठेवली. मग त्याच उन्हात तीनदा बंद केली, तिन्ही वेळा चालू! आईला लगेच एक चक्कर मारून आणली.

भुसावळचे नाना
छान झालं. बॉनेट उघडंच आहे तर पंपाचा रबरी पाइपही दाबून बघा. तेव्हाचं रबर आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेलं नव्हतं. फुगून मऊ पडला असेल तर बदला, पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदाही तपासून घ्या. आणि जुनी कॉइल टाकू नका. ती बहुतेक चांगलीच असेल, डिकीत राहू द्या.