मदत हवी आहे: सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना घेऊन कळसूबाई, शिड्यांचं कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही मुलुंडचे. लेक नऊ वर्षांची, धाकटा दिवाळीत सहा पूर्ण करेल. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, हे शाळेत शिकल्यापासून लेकीने "आपण कधी जायचं?" असा धोशा लावलाय. डिसेंबरात जावं असं आम्हा दोघांच्याही मनात आहे. बारी गावाकडून मी कॉलेजात असताना चढले होते, त्यामुळे वाट कशी आहे ते आठवतंय. पण तेव्हा फक्त स्वतःला सांभाळायचं होतं.

मुलं अगदी नवखी नाहीत. कान्हेरी नेहमीचंच, कर्नाळा आणि लोहगडही झालेत. चढायची मला काळजी वाटत नाही, दोघं पुढे पळत सुटतात, हाका मारून थांबवावं लागतं. धास्ती आहे ती उतरायची. लोहगड उतरताना अर्ध्यावर आल्यावर धाकटा पाऊल टाकेनासा झाला. रडणं नाही, कुरकुर नाही. प्रत्येक पायरीवर बसायचा, दोन्ही तळवे मागे टेकायचा आणि घसरत खालच्या पायरीवर यायचा. खाली येऊन बूट काढला तर अंगठ्याचं नख लालभडक. बूट मापाचेच होते, पण उतारावर पाय पुढे सरकून बोटं आदळत होती. तेव्हापासून उतरायच्या आधी टाच मागे ठोकून घोट्यापाशी लेस घट्ट बांधतो, बराच फरक पडलाय. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी हे जरूर करून बघा.

लोहगडाला निदान पायऱ्या आहेत. कळसूबाईला बारीपासून आठशे मीटरच्या आसपास चढ, आणि वरच्या कातळटप्प्यांना लोखंडी शिड्या. त्यांच्या पायऱ्यांमधलं अंतर मोठ्या माणसाच्या पायाला बेतलेलं. वर जाताना पुढची पायरी डोळ्यांसमोर असते, उतरताना मात्र सहा वर्षांच्या मुलाचा पाय हवेत चाचपडत राहणार. त्यात शनिवार-रविवारची गर्दी. सूर्योदय गाठायला मुंबई-पुण्याहून गट रात्रीच चढायला लागतात, आणि सकाळी उतरणारे आणि चढणारे एकाच शिडीपाशी खोळंबतात. धाकटा मधेच थबकला आणि मागून कोणी "चला, चला" करू लागलं तर तो नक्की घाबरणार.

नवऱ्याचं म्हणणं, आपणही रात्री चढू, ऊन लागणार नाही, आणि मुलाला कमरेला दोरी बांधून दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधू. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही. सासूबाई म्हणतात धाकट्याला माझ्याजवळ ठेवा, तुम्ही तिघं जाऊन या. सोय म्हणून हे बरं आहे, पण तो आत्तापासून स्वतःची पाण्याची बाटली भरून दाराशी ठेवतोय.

कसारा लोकल आणि पुढे जीप यापेक्षा स्वतःची गाडी बरी वाटते. आदल्या दिवशी कसारा घाट, घोटी करत बारीला पोचायचं, गावात कोणाच्या घरी मुक्काम करायचा आणि मुलांची झोप झाली की उजाडताना निघायचं.

तर विचारायचं आहे ते असं. या वयाच्या मुलांना शिड्यांवरून कोणी नेलं आहे का, आणि उतरताना मोठ्यांनी नेमकं कुठे उभं राहायचं? दोरी बांधावी का? आणि परत फिरायचं कुठे आणि कधी ठरवायचं? हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण शिखर समोर दिसत असताना लेकीला "पुरे" म्हणणं फार जड जाईल.

प्रतिसाद

ताई, मी गेली बरीच वर्षं लहान मुलांच्या गटांबरोबर सह्याद्रीत जातो. आधी दोरीचं सांगतो: कमरेला कमर बांधू नका. मूल घसरलं तर मोठा माणूस शिडीवरून उपटला जातो, मोठा घसरला तर मुलाला घेऊन जातो. दोरी वापरायची तर ती वर पक्क्या जागी अडकवलेली हवी, सांभाळणारा जाणकार हवा आणि मुलाला पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. लहान मुलांची कंबर अरुंद असते, नुसत्या कमरेच्या पट्ट्यातून ती निसटू शकतात. एवढी तयारी नसेल तर दोरी नकोच.

शिडीवर मोठा माणूस कायम मुलाच्या खाली. चढताना मूल पुढे, तुम्ही लगेच मागे, दोन्ही हात बाजूच्या दांड्यांवर, म्हणजे मूल तुमच्या हातांच्या कुंपणात राहतं. उतरताना आधी तुम्ही खाली, मग मूल, दोघांचीही तोंडं शिडीकडे. त्याचं पाऊल एका हाताने धरून पायरीवर टेकवून द्या, "टेकलं" म्हणा, मगच त्याने हात सोडायचा. मुलाच्या पाठीवर सॅक नको, हातात काठी नको. दमला म्हणून पाठुंगळी घेऊन शिडीवर तर अजिबात नको, तोल मागे जातो.

रात्री नको. मुलं पेंगतात, आणि झोपाळलेलं मूल पायाकडे बघत नाही. थांबून थांबून पाणी पाजत राहा, तहान लागली असं ती आपणहून सांगत नाहीत. वरच्या वाऱ्यात लहान अंग लवकर गार पडतं, म्हणून घामेजलेला शर्ट बदलून विंडचीटर घाला. अत्तर, सेंट कोणीच लावू नका, कड्यांवर आग्या मोहोळं असतात.

परत फिरायचं म्हणाल तर वेळ घरूनच ठरवून निघा, मी मुलांबरोबर दुपारी बाराच्या पुढे चढत नाही. जागा म्हणाल तर शेवटच्या शिडीआधी विहिरीजवळ सपाटी आहे. तिथे सगळ्यांनी बसायचं, खायचं आणि धाकट्याचे पाय बघायचे. थरथरत असतील तर एक जण त्याच्याजवळ थांबेल, दुसरा लेकीला वर नेऊन आणेल. हे तिला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

त्याआधी आंबिवलीहून पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड करा. सुळक्याच्या पोटातून खोदलेल्या पायऱ्या आहेत, उंच आणि अरुंद. तिथे तो उतरताना तुमचं ऐकतो की घाबरून आखडतो, ते कळेल.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. दोरीचा परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखवला, त्याने दोरी आणि रात्र दोन्ही सोडलं. "टेकलं"चा सराव घरच्या माळ्याच्या शिडीवर सुरू केलाय, लेक खाली उभी राहून भावाचं पाऊल टेकवते. दिवाळीनंतर पेठ करू, तिथे जमलं तरच कळसूबाई.

शनिवार-रविवार टाळून नाताळच्या सुट्टीतला मधला वार धरला तर शिड्यांवर गर्दी कमी मिळेल, की त्या आठवड्यात रोजच रांग असते? त्या दिवसांत कोणी गेलं असेल तर कृपया सांगा. रांग असेल तर जानेवारीत शाळा बुडवून जाऊ.