व्यावसायिक लागवडीसाठी प्रमाणित बटाटा बेण्याची सक्ती : नियमात नेमके काय असावे?

बांधावरचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या उत्पादक संघाकडे एका नियमाचा मसुदा अभिप्रायासाठी आला आहे. ठरावीक क्षेत्राहून जास्त बटाटा लावणाऱ्याने दरवर्षी प्रमाणित बेणेच (लागवडीसाठीचे तपासलेले कंद) वापरावे, त्याची लेबले व पावत्या जपून ठेवाव्यात आणि मागितल्यास दाखवाव्यात, असा त्याचा गाभा आहे. बैठकीत सरळ दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की बेणे कोणते लावायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. वाईट बेणे लावणाऱ्याचे उत्पादन घटेल आणि तो आपसूक शहाणा होईल. मी सक्तीच्या बाजूचा आहे, पण माझीच पंचाईत झाली आहे. गेल्या हंगामात दोन लॉटचे, म्हणजे दोन वेगळ्या खेपांचे, लेबल असलेले बेणे लावले, तरी उगवणीनंतर महिनाभरात काही ओळींतली झाडे खुजी राहिली आणि पाने सुरकुतली. पुरवठादाराने "लॉट मर्यादेत होता" एवढे सांगून विषय संपवला. लेबल जर एवढीच हमी देत असेल, तर ते वापरण्याची सक्ती कोणत्या तोंडाने मागायची? आणि क्षेत्राची मर्यादा कुठे ठेवावी?

माजी क्षेत्र निरीक्षक

आधी लेबलाचे पाहू, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहे. 'प्रमाणित' याचा अर्थ 'रोगमुक्त' असा नाही. रोगाचे प्रमाण बेण्याच्या त्या वर्गासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आत आढळले, एवढाच आहे. समजा एखाद्या विषाणूसाठी मर्यादा १ टक्का आहे. हेक्टरी साधारण ४० हजार झाडे धरली, तर नियमाला धरूनही सुमारे ४०० झाडे रोगट असू शकतात. काही रोगांना मात्र ही सवलत नसते. जिवाणूजन्य वलय कुजीचे एक झाड सापडले तरी अख्खा लॉट बाद होतो. देठाकडचे टोक कापून कंद चिमटीत दाबला की सालीखालच्या वलयातून मलईसारखा घट्ट द्रव बाहेर येतो. एकदा पाहिले की तो विसरता येत नाही. पण हाच रोग कोणतेही लक्षण न दाखवता बेण्यात राहू शकतो आणि बेणे कापण्याच्या सुरीवरून पुढच्या कंदांत जातो. शून्य मर्यादेचे कारण तेच.

दुसरी गोष्ट तपासणीची. आम्ही उन्हाकडे पाठ करून ओळीतून चालायचो आणि पानांवर स्वतःची सावली पाडायचो, कारण मोझॅक या विषाणूजन्य रोगाचे फिके डाग प्रखर उन्हात दिसत नाहीत. एवढे करूनही डोळ्यांना मर्यादा आहेतच. बटाट्यावरच्या वाय विषाणूच्या काही प्रकारांची लक्षणे इतकी सौम्य असतात की झाड निरोगी समजून माणूस पुढे जातो. शिवाय पाला कापण्याच्या आधीच्या आठवड्यांत मावा (रस शोषणारी, विषाणू पसरवणारी कीड) आला, तर विषाणू कंदात उतरतो आणि पानांवर काहीच उमटत नाही. तो दिसतो पुढच्या वर्षी, विकत घेणाऱ्याच्या शेतात. तुमच्या ओळींत असेच घडले असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

म्हणून काढणीनंतरची चाचणी, म्हणजे कंद उगवून पाहणे किंवा एलायझा (विषाणू ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी), ऐच्छिक ठेवू नये. तिथेही नमुन्याचा आकार पाहावा. लॉटमध्ये १ टक्का संसर्ग असताना ३०० कंद तपासले, तरी एकही रोगट न सापडण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरते. संसर्ग अर्धा टक्का असेल आणि ४०० कंद तपासले, तर ती जवळपास साडेतेरा टक्के होते. मसुद्यात नुसता 'उत्तीर्ण' शिक्का मागू नका. किती कंद तपासले आणि किती रोगट निघाले, हे दोन्ही आकडे लेबलावर किंवा सोबतच्या दाखल्यावर मागा. असे आकडे असते, तर पुरवठादाराला "मर्यादेत होता" एवढ्यावर सुटता आले नसते.

मावा आणि मी

"ज्याचा त्याचा प्रश्न" या युक्तिवादाला उत्तर माव्याकडे आहे. लीफ रोल (पाने गुंडाळणारा) विषाणू घ्यायला आणि सोडायला माव्याला बराच वेळ लागतो, त्यामुळे तिथे कीटकनाशक उपयोगी पडते. वाय विषाणू मात्र तो काही सेकंदांच्या टोचणीत उचलतो आणि शेजारच्या झाडाला देतो. औषधाने मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. फार तर खनिज तेलाच्या फवारणीने त्याला थोडा अडथळा करता येतो. अशा वेळी रोगट बेणे लावणारा स्वतःचे उत्पादन तर घटवतोच, पण पलीकडे बेणे तयार करणाऱ्याचा लॉटही बाद करतो, आणि त्याची भरपाई कुणीच देत नाही. मातीतल्या रोगांचे तर विचारूच नका. पुटी सूत्रकृमीच्या (मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म कृमीच्या) अंडी भरलेल्या पुट्या वीस-वीस वर्षे जमिनीत जिवंत राहतात, त्यामुळे बेण्याला चिकटून आलेली चिमूटभर माती पुढच्या पिढीपर्यंत पुरते.

पुरवठा आधी

वरील दोन्ही प्रतिसाद मला मान्य आहेत, तरीही सक्तीची घाई करू नये, असे माझे मत आहे. बटाट्याचे बेणे एका हंगामात साधारण ८ ते १० पटच वाढते आणि हेक्टरी दोन-अडीच टन लागते. ऊती संवर्धनातल्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपापासून लघुकंद आणि तिथून पुढच्या पिढ्या असे करत व्यावसायिक शेतापर्यंत पोचायला काही वर्षे जातात. एखाद्या वर्षी मोठे लॉट बाद झाले, तर ती तूट पुढच्या हंगामात भरून निघत नाही. तेव्हा नियम काटेकोर आणि गोदाम रिकामे असेल, तर लोक खोटी लेबले शोधतील.

क्षेत्राच्या मर्यादेसाठी एक उदाहरण आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २०१६ पासून पाच एकर किंवा त्याहून जास्त बटाटा लावणाऱ्याला प्रमाणित बेणे बंधनकारक आहे. त्याखालच्यांना मोकळे सोडणे व्यवहार्य आहे, पण माव्याला एकर मोजता येत नाहीत, हेही खरे. लहान शेतकऱ्यांसाठी मधला मार्ग म्हणून जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१० मध्ये कंद-कलमांनी वाढणाऱ्या पिकांसाठी 'गुणवत्ता घोषित लागवड साहित्य' ही चौकट मांडली होती. तीत पूर्ण प्रमाणीकरणापेक्षा सोपी तपासणी असते आणि बरीचशी जबाबदारी उत्पादकाकडेच राहते.

माजी क्षेत्र निरीक्षक

तुटवड्याच्या वर्षासाठी सवलत जरूर ठेवा, पण ती लागवडीच्या पुष्कळ आधी, ठरलेल्या तारखेपर्यंत जाहीर व्हावी आणि फक्त चाचणी केलेल्या घरच्या बेण्यालाच, तेही एकाच पिढीपुरते, मिळावी. ऐनवेळी दिलेली सवलत म्हणजे नियम रद्द केल्यासारखेच आहे. बांधावरचे, तुम्हाला एक विचारतो : खुजी झाडे दोनपैकी कोणत्या लॉटची होती?

बांधावरचा

सर्वांचे आभार. चाचणीचे दोन्ही आकडे आणि सवलतीची तारीख हे दोन मुद्दे मी लेखी देतो. घरच्या बेण्याच्या चाचणीचा खर्च कुणी उचलायचा, यावर बैठकीत पुन्हा खडाजंगी होणार हे मला आत्ताच दिसते आहे.

निरीक्षक साहेब, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. लेबले दोन्ही जपून ठेवली आहेत, पण कोणत्या ओळीत कोणता लॉट गेला याची नोंद केली नव्हती, त्यामुळे पुरवठादारापुढेही मला बोट ठेवता आले नाही. मसुद्यात लेबल जपण्याची अट आहे, ओळींच्या नोंदीची नाही. तीही सुचवतो, पहिला भुर्दंड मलाच बसणार असला तरी.