वीज गेल्यावर घरचे इंटरनेट चालू ठेवण्यासाठी मोठा इन्व्हर्टर घ्यावा की छोटा यूपीएस पुरेल?

प्रश्न : सड्याखालचे घर

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील आमच्या गावच्या घरून पुण्यातील एका कार्यालयाचे हिशेबाचे काम करते. गेल्या वर्षी वाडीत फायबर आल्यामुळे हे शक्य झाले. त्याआधी मोबाइलला रेंज मिळावी म्हणून सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, जाऊन उभे राहावे लागत असे आणि घरात आजही रेंज जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात वीज दोन-तीन तास जाणे नित्याचे आहे. लॅपटॉपची बॅटरी चार तास टिकते, परंतु मोडेम त्याच क्षणी बंद पडतो आणि सुरू असलेली बैठक तुटते.

एप्रिलमध्ये मी एक मिनी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर मोडेम चालू ठेवणारा लहान बॅटरी-संच, घेतला. त्यावर १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) असे लिहिलेले आहे आणि तो चार तास चालेल असे खोक्यावर छापले होते. प्रत्यक्षात तो १ तास २० मिनिटांत संपतो. माझ्याकडे फायबरचा मोडेम आणि त्याला जोडलेला वेगळा वायफाय राउटर अशी दोन उपकरणे आहेत. तालुक्याच्या ठिकाणी चौकशी केली असता दुकानदाराने दोन बॅटऱ्यांचा मोठा इन्व्हर्टर सुचवला, ज्याचा खर्च पंचेचाळीस हजारांच्या घरात जातो.

केवळ कामाचा प्रश्न असता तर मी एवढ्या काळजीने विचारले नसते. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मागच्या जुलैत रात्री त्यांना धाप लागली तेव्हा वीज नव्हती, घरात रेंज नव्हती, आणि डॉक्टरांना फोन करण्यासाठी आईला भर पावसात टॉर्च घेऊन सड्याची वाट चढावी लागली. तेव्हा किमान चार-पाच तास इंटरनेट आणि बाबांच्या खोलीतला पंखा एवढे चालावे, यासाठी नेमके काय घ्यावे? महिन्यातून एकदा मी पुण्याला जाते, त्या प्रवासातही उपयोगी पडेल असे काही असल्यास जरूर सुचवावे.

उत्तर १ : मीटरवाला

ताई, खरेदीच्या आधी मोजणी करावी, असा माझा आग्रह आहे. मी तीस वर्षे विद्युत दुरुस्तीचे काम केले आहे, आणि गरज किती वॉटची आहे हे न पाहता घेतलेल्या बॅटऱ्यांवर लोकांचे पैसे वाया गेलेले मी फार वेळा पाहिले आहेत.

प्रथम तुमच्या यूपीएसविषयी. १०,००० एमएएच हा आकडा आतील लिथियम सेलच्या ३.७ व्होल्ट दाबाला धरून लिहिलेला असतो, आणि तुमचा मोडेम मात्र १२ व्होल्टवर चालतो. त्यामुळे एमएएच बाजूला ठेवून वॉट-तास, म्हणजे साठलेली एकूण ऊर्जा, काढावेत : १० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॉट-तास. दाब वाढवताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते, म्हणून हाती सुमारे ३० वॉट-तास लागतात असे समजा. मोडेम आणि राउटर मिळून २० वॉट घेत असतील, तर दीड तासाच्या आसपासच हा संच संपणार. चार तासांचा दावा बहुधा एकाच लहान राउटरसाठी केलेला असतो, मात्र खोक्यावर तसे स्पष्ट लिहिलेले नसते, आणि ग्राहकाची फसगत तिथेच होते.

आता तुमची दोन उपकरणे खरोखर किती वॉट घेतात, हे कोणतेही यंत्र विकत न घेता असे मोजा. अॅडॅप्टरवरचा आकडा (१२ व्होल्ट, १.५ अँपिअर वगैरे) ही त्याची कमाल क्षमता असते, प्रत्यक्ष वापर नव्हे. घरातील फ्रिज, पंखे, दिवे, पंप सर्व बंद करा आणि केवळ मोडेम व राउटर चालू ठेवा. मिनी यूपीएस मात्र या वेळी मधून काढून ठेवा, कारण तो चार्ज होत असेल तर हिशेब चुकतो. मग विजेच्या मीटरसमोर घड्याळ घेऊन उभ्या राहा. मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरच्या पाटीवर छापलेले असते. ही संख्या ३२०० असेल तर प्रत्येक लुकलुक म्हणजे ०.३१२५ वॉट-तास. एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद जातात ते पाहा आणि ११२५ ला (०.३१२५ गुणिले तासाचे ३६०० सेकंद) त्या सेकंदांनी भागा. येईल तो आकडा वॉटमध्ये असेल. एकाच लुकलुकीवर विसंबू नका, सलग दहा मोजून सरासरी काढा.

दुसरे असे की, अलीकडच्या बहुतेक फायबर मोडेममध्ये वायफाय अंगभूत असते. तुमच्याही मोडेममध्ये ते असेल, तर वीज गेल्यावर वेगळ्या राउटरची गरजच उरत नाही. केवळ तो राउटर यूपीएसवरून काढल्याने वेळ जवळजवळ दुप्पट होऊ शकेल आणि त्यासाठी एक रुपयाही लागणार नाही.

उत्तर २ : दापोलीकर

वरील मोजणी कराच. मात्र वडिलांच्या पंख्यासाठी तुम्हाला इन्व्हर्टर लागेलच, कारण मिनी यूपीएसवर छताचा पंखा चालत नाही. प्रश्न आहे तो किती मोठा घ्यायचा हा, आणि माझ्या मते एक बॅटरी पुरेशी आहे.

आमच्याकडे १५० अँपिअर-तासांची एक ट्युब्युलर बॅटरी आहे. १५० गुणिले १२ म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास होतात, परंतु बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही ऊर्जा जाते, म्हणून मी ११०० वॉट-तासच धरतो. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या डीसी) मोटरचा पंखा पूर्ण वेगावरही तीसेक वॉटमध्ये चालतो. दोन जुने पंखे आणि तीन एलईडी दिवे धरले तर १८० वॉट होतात आणि बॅटरी सहा तास पुरते. पंखे बीएलडीसी केले तर तेच ओझे ९० वॉटवर येते आणि तीच बॅटरी बारा तास काढते. दुसऱ्या बॅटरीवर पंधरा-वीस हजार घालण्यापेक्षा दोन पंखे बदलणे कितीतरी स्वस्त पडते, शिवाय वीज असतानाही रोजचे बिल कमी येते.

इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, घ्या. स्क्वेअरवेव्हवर पंखा रात्रभर घुमतो आणि आजारी माणसाला त्या आवाजाने झोप लागत नाही, हे मी माझ्या आईच्या दुखण्यात अनुभवले आहे. बॅटरी माजघरात किंवा झोपण्याच्या खोलीत ठेवू नका, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. पडवीचा असा कोपरा निवडा जिथे वारा खेळतो, पण पागोळ्यांचे पाणी उडत नाही आणि चूल किंवा गॅसची शेगडी जवळ नाही. दर दोन-तीन महिन्यांनी झाकणांवरच्या काड्या पाहाव्यात आणि त्या खाली गेलेल्या दिसल्या की डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी त्यातील क्षारांनी बॅटरीच्या प्लेटा खराब होतात.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी धरून ठेवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आमच्या दापोली-मंडणगड भागात विजेचे खांबच आडवे झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. तेवढ्या काळाला घरगुती बॅटरी पुरी पडत नाही. आम्ही तेव्हा शेजाऱ्यांच्या जीपच्या बॅटरीवर फोन चार्ज केले. म्हणून बाबांची औषधे आणि डॉक्टरांकडे जाण्याची सोय यांचा विचार इन्व्हर्टरवर न विसंबता स्वतंत्रपणे करून ठेवावा.

उत्तर ३ : संगमेश्वरहून

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. त्यात काही भर घालते.

इन्व्हर्टर आला म्हणून मिनी यूपीएस काढून टाकू नका. वीज गेल्यावर इन्व्हर्टरकडे वळताना क्षणभर पुरवठा तुटतो, तेवढ्यानेही काही मोडेम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि जोडणी परत यायला दोन-तीन मिनिटे लागतात. मिनी यूपीएस मध्ये असला की मोडेमला तो खंड जाणवतच नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा आकाशातल्या विजेचा आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या वळवात आमचा मोडेम आणि त्याला लॅनच्या तारेने जोडलेला लॅपटॉप असे दोन्ही एकाच वेळी जळाले. तेव्हापासून मी असे करते की ढगांचा गडगडाट ऐकू येऊ लागला की मिनी यूपीएसचा आणि लॅपटॉपचा प्लग भिंतीतून काढून टाकते आणि दोन्ही बॅटरीवर चालवते. फायबर काचेचा असल्यामुळे त्यातून वीज येत नाही, परंतु खांबावरून घरापर्यंत आणलेल्या केबलला आधारासाठी बऱ्याचदा पोलादी तार असते. ती घराबाहेरच संपवली आहे ना आणि मोडेमपर्यंत आत आणलेली नाही ना, हे केबलवाल्याकडून पाहून घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप आपल्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असल्याचे दाखवते. प्लग केव्हा काढायचा हे ठरवण्यासाठी मी ते वापरते. वादळ अगदी डोक्यावर आले असेल तर मात्र काम थांबवावे.

जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगही एकदा तपासून घ्यावे. उन्हाळ्यात जांभा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग जवळजवळ निकामी ठरते. आमचे वायरमनदादा दर फेब्रुवारीपासून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन घागरी पाणी घालायला सांगतात आणि आम्ही ते न चुकता करतो.

आणखी एक पाहा. वीज गेल्यावर तुमचा मोडेम चालू असताना त्यावरचा लाल दिवा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याची खूण) लागतो का? तुमच्या घरापर्यंतच्या वाटेवरील फायबरच्या जोडपेट्यांना वीज लागत नाही, परंतु ज्या केंद्रातून फायबर निघतो तिथल्या यंत्राला ती लागते. तिथे बॅटरी नसेल किंवा ती अर्ध्या तासात बसत असेल, तर तुम्ही घरात कितीही खर्च केला तरी इंटरनेट येणार नाही. पैसे देण्यापूर्वी ही खात्री अवश्य करावी.

शेवटी डॉक्टरांच्या फोनविषयी. फोनच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करून ठेवा. घरात रेंज नसली तरी वायफायवरून नेहमीच्याच क्रमांकावर फोन लागतो आणि येतोही. आईंच्या फोनमध्येही ते आजच सुरू करून द्या आणि विमान मोड लावून एकदा फोन करून पाहा. विमान मोडमध्ये वायफाय पुन्हा चालू करावे लागते, तेवढे लक्षात असू द्या.

सड्याखालचे घर :

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. रविवारी सकाळी सर्व बटणे बंद करून मी मीटरसमोर उभी राहिले. आमच्या मीटरवर ३२०० हाच आकडा आहे. दोन्ही उपकरणे चालू असताना दहा लुकलुकींना ७ मिनिटे ४० सेकंद लागले, म्हणजे एकीला ४६ सेकंद, आणि वापर साडेचोवीस वॉट. मोडेममध्ये वायफाय आहे हे मला ठाऊकच नव्हते. त्याचे नाव आणि पासवर्ड मागच्या बाजूच्या चिठ्ठीवर सापडले. राउटर काढल्यावर दहा लुकलुकींना १५ मिनिटे लागली, म्हणजे साडेबारा वॉट. त्यानंतर यूपीएस पूर्ण चार्ज करून केवळ मोडेमवर चालवून पाहिला, तो २ तास ४० मिनिटे टिकला. मंगळवारी दुपारी खरोखरच वीज गेली तेव्हा दोन तासांत लाल दिवा एकदाही लागला नाही.

आईच्या फोनवर वायफाय कॉलिंग सुरू केले आहे. तिने पहिला फोन डॉक्टरांच्या दवाखान्यात लावून पाहिला आणि पलीकडून आवाज आल्यावर ती बराच वेळ फोन हातात धरून बसली होती.

एका बॅटरीचा साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि बाबांच्या खोलीत बीएलडीसी पंखा असे आम्ही ठरवले आहे. आता प्रवासाचे तेवढे राहिले.

मीटरवाला :

अॅडॅप्टरमध्ये वाया जाणारी ऊर्जा वजा केली तर साडेचोवीसचे यूपीएसकडून सुमारे एकवीस वॉट होतात, आणि ३० भागिले २१ म्हणजे तुमची १ तास २० मिनिटे जवळजवळ तंतोतंत आली. यूपीएस चांगला आहे, तो बदलू नका.

प्रवासासाठी २०,००० एमएएचची, टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे उपकरणाच्या गरजेनुसार व्होल्ट बदलून देणाऱ्या) पद्धतीची आणि ६५ वॉट देणारी पॉवर बँक घ्या, मात्र तुमचा लॅपटॉप टाइप-सीवरून चार्ज होतो का हे आधी पाहा. तिच्यात ७४ वॉट-तास असतात, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी साधारण एकदा पूर्ण भरते. विमानाने जाण्याचा प्रसंग आला तरी १०० वॉट-तासांच्या आतली पॉवर बँक परवानगीशिवाय नेता येते, पण ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते. घरी असताना यूपीएस संपल्यावर मोडेमही तिच्यावर पाच तास सहज चालेल. त्यासाठी टाइप-सीमधून १२ व्होल्ट काढणारी गोल पिनची केबल मिळते. घेताना पॉवर बँकेवर १२ व्होल्ट छापलेले आहे का ते नीट वाचा, कारण पीडीमध्ये ५, ९, १५ आणि २० व्होल्ट हे ठरलेले टप्पे आहेत आणि १२ व्होल्ट प्रत्येक पॉवर बँक देतेच असे नाही. मोडेमला चुकून १५ किंवा २० व्होल्ट गेले तर तो जळेल, म्हणून केबल प्रथम मोडेमला न लावता वायरमनकडून मल्टिमीटरवर तपासून घ्या.